आखाजीचं पाणी

सत्यभामेनं घागर घडवंचीवर टेकवली, चुंबळ खुंटीला अडकवली आणि पदरानं मान पुसत ती म्हणाली, "आज दोनच खेपा केल्या. पुरते. काही आखाजी थोडीच हाये." एवढंच बोलून ती चुलीकडे वळलीसुद्धा. शालिग्राम ओसरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती त्यानं बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. बोलण्यात विशेष काहीच नव्हतं. बायका असं दिवसभर बोलतात आणि नवरे ऐकून न ऐकल्यासारखं करतात, संसार त्यावरच चालतो. पण हे बोलणं कानातून आत गेलं आणि पोटात कुठेतरी जाऊन बसलं. नको नको म्हणत त्यानं विचारलंच, की आखाजीला किती खेपा होतात. आतून उत्तर आलं की ते कोण मोजत बसतंय. पितरांच्या नव्या घागरी, माहेरी आलेल्या लेकीबाळींच्या आंघोळ्या, त्यांच्या पोरांचे कपडे, पुरणाची भांडी, दारातला सडा. बायका दिवसभर नदीवरच असतात त्या दिवशी. मग भाकर थापता थापता ती थांबली असावी, कारण आवाज थांबला. "तुमाले तं माईत हाये," ती म्हणाली, "तुमी तं त्या दिवशी पायरीवरच बसून होते."

होता बसून. शालिग्राम ओव्हरसियर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी मेहकरच्या घाटावर, वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, सावली बघून बसला होता, मांडीवर कागद आणि हातात पेन्सिल. नदीवरून वर येणारी प्रत्येक घागर म्हणजे कागदावर एक रेघ. हे काम त्यानं कुणावर सोपवलं नव्हतं. शिपायावर सोपवलं असतं तर शिपायानं झाडाखाली झोप काढून मनानेच रेघा ओढल्या असत्या, अशी त्याची खात्री होती. स्वतःच्या प्रामाणिकपणावर त्याचा फार जीव होता. आता ओसरीवरून उठताना त्याला त्या प्रामाणिकपणाचीच थोडी किळस आली. दुपारी कमिटीची शेवटची बैठक होती, नागपूरचे साहेब येणार होते आणि नव्या तलावाचं पाणी कुठवर चढेल ती रेषा आज पक्की व्हायची होती.

मेहकरला त्या वर्षांत वाढीचं वेड लागलं होतं. सरकी काढायचे कारखाने उभे राहिले होते, जालन्याकडून मोटार येऊ लागली होती, मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून डोणगावचे, लोणारचे शेतकरी इथे खोल्या घेऊन राहू लागले होते. जिथे काल बाभळी होत्या तिथे आज पत्र्याची घरं दिसत. आणि या सगळ्या मेहकरला प्यायला होती एक पैनगंगा, जी वैशाख सरता सरता आटायची. मग बायका वाळूत झिरे उकरायच्या, वाटीनं पाणी भरायच्या, त्यावरून भांडायच्या. दोन उन्हाळ्यांमागे त्याच झिऱ्यांच्या पाण्यातून पटकी आली आणि नदीकाठची एक आळी जवळजवळ रिकामी झाली. तेव्हापासून कमिटीनं नागपूरला अर्जावर अर्ज केले होते. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, आणि नागपूरला मेहकर कुठे आहे हे नकाशात शोधावं लागत असणार, असं कमिटीचे अध्यक्ष वामनराव म्हणत. पण शेवटी साहेब आले. डोणगावच्या रस्त्याला, टेकड्यांच्या मधल्या नाल्यावर बांध घालायचा, तलाव करायचा आणि तिथून नळानं पाणी गावात आणायचं, असं ठरलं. साहेबांनी शालिग्रामला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजच्या मेहकरचा विचार करू नकोस, तीस वर्षांनंतरच्या मेहकरचा कर. पुस्तकातले आकडे दुसऱ्या शहरांचे असतात. इथलं एक घर ऐन उन्हाळ्यात खरंच किती पाणी वापरतं ते आपल्या डोळ्यांनी बघ, आणि पुढे होणाऱ्या घरांनी त्याला गुण.

त्या बोलण्यानं शालिग्राम भारून गेला होता. कुणी त्याच्याकडून उद्याचं गाव मागितलं होतं, याचा त्याला खरोखर आनंद झाला होता. संध्याकाळी फिरायला जाताना तो ओसाड माळावर थांबायचा आणि इथे चौक, इथे नळकोंडाळं, इथे मुलींची शाळा, असं मनाशी बोलायचा. लोकांना वाटायचं ओव्हरसियर जागेचा सौदा करतोय. आता कमिटीच्या कचेरीकडे चालताना त्याला त्याच रस्त्यावर नळ दिसेनात. दिसत होत्या त्या घागरी, पितळेच्या, तांब्याच्या, मातीच्या, कोऱ्या लुगड्यांच्या कडेवर आणि डोक्यावर चढून येणाऱ्या. कोरी लुगडी! डोळ्यांसमोरून दिवसभर कोरी लुगडी गेली आणि आपल्याला काही सुचलं नाही. सगळ्या गावच्या लेकी माहेरी आलेल्या, घराघरात दुप्पट माणूस, आणि आपण रेघा ओढत बसलो की हे मेहकरचं रोजचं पाणी.

त्या दिवशी सण आहे हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? सकाळीच आमरस-पुरण खाऊन तो बाहेर पडला होता. कचेरीला सुट्टी होती म्हणून तर त्याला वेळ होता. घरात लहान बहीण कोकिळा आली होती, तिची पोरं आली होती, अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता आणि त्या झोक्यावर बायकांची गाणी चालली होती. त्या कलकलाटाला कंटाळूनच तो कागद घेऊन घाटावर गेला होता. सण आहे हे ठाऊक होतं. सण म्हणजे पाणी, हे ठाऊक नव्हतं. कारण शालिग्रामनं जन्मात कधी घागर उचलली नव्हती. पाणी त्याला नेहमी ताटाच्या उजव्या हाताला तांब्यात भेटलं होतं आणि न्हाणीत हंड्यात भेटलं होतं. मॅट्रिकच्या वर्षी आई आजारी होती, तेव्हा पहाटे हंडा कोण भरायचं? कोकिळा. त्याच्याहून किती लहान, परकर वर खोचून, दोन्ही हातांनी कळशी पोटाशी धरून, अर्धं पाणी अंगावर सांडत. तो कंदिलाशी भूमिती घोकत बसायचा आणि ती दारातून जाताना पाय वाजू देत नसे. दादाचा अभ्यास मोडू नये म्हणून. ती भूमिती पुढे त्याच्या कामाला आली. तिच्याच जोरावर त्यानं तलावाची रेषा आखली होती.

आणि ती रेषा कोकिळेच्या मळ्यात गेली होती. आधी गेली नव्हती. पहिल्या पाहणीत, पुस्तकातला आकडा धरून त्यानं जी रेषा काढली होती, ती कोकिळेच्या मळ्याच्या खालून जात होती. तिच्या नवऱ्यानं, पुंजाजीनं, लग्नानंतर खडक फोडून विहीर पाडली होती, त्या विहिरीला धक्का लागत नव्हता. तेव्हा कमिटीतल्या उत्तमरावांनी, ज्यांचं नाल्याकाठचं रान सगळंच बुडत होतं, भर पानाच्या दुकानात सुपारी कातरता कातरता म्हटलं होतं की ओव्हरसियरच्या बहिणीचा मळा बरा वाचला. लोक हसले होते. शालिग्रामला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मग आखाजीची मोजणी झाली, आकडा फुगला, बांध आणखी पुरुषभर उंच करावा लागला आणि पाण्याची रेषा टेकडीकडे सरकत सरकत कोकिळेच्या विहिरीच्याही वर गेली. त्यानं तो नकाशा कमिटीपुढे पसरला तेव्हा सगळे त्यावर वाकले होते. उत्तमरावांनी पान थुंकायला बाहेर जाण्याचं निमित्त केलं होतं. आणि वामनराव टेबलावर हात ठेवून म्हणाले होते, "मानूस असा पायजे. यानं सोताच्या बहिणीचं बी पाह्यलं नाई."

त्या संध्याकाळी तो छाती हलकी करून घरी गेला होता. हेच आता सोसत नव्हतं. मळा जातो म्हणून वाईट वाटलं होतं, नाही असं नाही, सत्यभामेजवळ त्यानं डोळेही पुसले होते. पण त्या पुसण्याच्या आत कुठेतरी गोड होतं. आपण फार मोठं काही सोडलं, असं. सोडलं कुणी? मळा कोकिळेचा, विहीर पुंजाजीची, आणि हार याच्या गळ्यात. तेव्हा आकडा पुन्हा तपासायला हवा होता. दुसरा कुठलाही आकडा असता तर त्यानं तो तीनदा तपासला असता. हा तपासला नाही, कारण या आकड्यानं त्याचं नाव धुऊन काढलं होतं. कचेरीच्या पायऱ्या चढताना त्याच्या मनात आलं की आपल्याला आखाजीची आठवण झाली नाही असं नाही, आपण ती होऊ दिली नाही. आणि मग लगेच वाटलं की हे स्वतःला छळणं झालं, चूक ती चूक, आत जावं आणि सांगून मोकळं व्हावं.

बैठकीत त्यानं वाक्य मनात पन्नासदा जुळवलं. मोजणी सणाच्या दिवशी झाली, सबब आकडा चढा आहे, बांध कमी उंचीचा पुरेल. सरळ वाक्य होतं. साहेब समजूतदार होते, रागावलेही नसते. पण समोर उत्तमराव बसले होते, सुपारीचा अडकित्ता मिटलेला, डोळे उघडे. वाक्य तोंडातून बाहेर पडताच त्याचं काय होईल हे शालिग्रामला दिसत होतं. रेषा खाली येणार. कोकिळेचा मळा सुटणार. उत्तमरावांचं रान तरीही बुडणारच. आणि संध्याकाळी पानाच्या दुकानात, शेवटी बहिणीसाठी फिरलाच की नाही, हे बोलणं होणार. मग तो आखाजीची कितीही शपथ घेवो. खरं बोलणं आणि लबाडी यांचा चेहरा एकच असावा, ही कसली पाळी आली! गावात पाणी आणणारा माणूस म्हणून नव्हे, बहिणीचा मळा वाचवणारा म्हणून तो या गावात म्हातारा होणार. साहेबांनी विचारलं की पाण्याच्या मापाबद्दल कुणाला काही शंका आहे का. शालिग्राम उठला. आणि म्हणाला की हद्दीचे दगड चुना लावून तयार आहेत, उद्यापासून रोवायला घेतो.

साहेब खूश झाले. जाता जाता ते हिंदीत काहीतरी गमतीचं बोलले, की पाणी कमी पडून गावं उठलेली आपण पाहिली, जास्त झालं म्हणून कुणाचं काय गेलं? सगळे हसले. शालिग्रामही हसला. रात्री अंथरुणावर मात्र त्यानं त्या बोलण्यात शिरून बघितलं, तर तिथे चांगली ऊब होती. गाव वाढणारच. आखाजीला येणाऱ्या लेकी-जावई उद्या इथेच राहायला येतील, आज फुगलेला आकडा तीस वर्षांनी बरोबर ठरेल, कुणी सांगावं, कमीच पडेल. पटकीनं मेलेल्या त्या आळीतल्या पोरांकडे बघितलं तर एक विहीर म्हणजे काय? मोठ्या कामात माणसाला लपायला जागा फार. तो बराच वेळ तिथे लपून पडला होता. पण त्याला राहून राहून एकच दिसत होतं, की लपलेल्या जागेतही तो एकटा नाही, परकर खोचलेली एक पोर पाय न वाजवता समोरून जाते आहे.

दुसऱ्या दिवशी चुना लावलेल्या दगडांनी भरलेली बैलगाडी आणि दोन मजूर घेऊन तो डोणगावच्या रस्त्यानं निघाला. थंडी चांगली पडली होती. उत्तमरावांच्या रानातले दगड आधी रोवून झाले, तिथे त्याला काही वाटलं नाही, उलट थोडं बरंच वाटलं, आणि तेही त्यानं मनात टिपून ठेवलं. मग टेकडीच्या अंगानं वळण घेतलं की मळा. वांग्याची हिरवी-जांभळी रांग, मेथीचे वाफे, लसणाची पात, बांधाला शेवग्याची दोन झाडं. मोट चालू होती. पुंजाजी बैल हाकत होता आणि पाणी थारोळ्यात पडून पाटानं पळत होतं. या मळ्याची पहिली भाजी, कोणतीही असो, कोकिळा आधी माहेरी पाठवायची. आई-बाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे शालिग्रामचं घर. परवाच पाठवलेली वांगी सत्यभामेनं भरून केली होती आणि तो दोन भाकरी जास्त जेवला होता. पुंजाजीनं गाडी पाहिली, बैल थांबवले, पण तो जवळ आला नाही. गेल्या महिन्यात त्याला समजलं तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता की गावाले पानी पायजे तं इलाज काय, सरकार दुसरी जमीन देईल तिथे पुन्हा खडक फोडू. बोलताना त्यानं आपले हात उलटेपालटे करून पाहिले होते.

कोकिळा झोपडीतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधायचा म्हणून त्यानं शोधला, पण नव्हता. ती वाफ्याच्या कडेला बसली, त्यालाही बस म्हणाली आणि गावातल्या कोणाकोणाची चौकशी करत राहिली. मजूर दगड उतरवू लागले तसं तिनं तिकडे बघितलं नाही. मग एकदम, लहानपणी नवी बांगडी दाखवताना हसायची तसं हसून म्हणाली, "दादा, आखाजीले तू पायरीवर बसून रेघा मारून राह्यला होता ना. मी मुद्दाम तुह्या समोरून घागर नेली. एक खेप झाली का दुसरी. म्हनलं, मोजू दे दादाले. मले धरलं ना त्यात?"

"धरलं," तो म्हणाला.

"मंग झालं. त्या तलावात माह्यंबी पानी हाये म्हनायचं." ती समाधानानं पाटाकडे बघत राहिली. याच समाधानावर ती गेला महिना काढत आली असावी. तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, "कोकिळे, तुले धराले नोको होतं." पुण्याला दोन वर्षं शिकून त्यानं घासून घासून काढलेली बोली अशी तोंडात परत आली. "तू पाहुनी होती. साऱ्या गावच्या लेकी पाहुण्या होत्या. मी तेच रोजचं पानी धरलं."

तिला समजावून सांगावं लागलं नाही. जिनं पाणी वाहिलं तिला त्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. तिनं विहिरीकडे बघितलं, मग टेकडीच्या वर, जिथे मजूर पहिला दगड घेऊन उभा होता, तिथे, आणि मधलं अंतर ती डोळ्यांनी हळूहळू खाली उतरली. तिचा हात मेथीच्या वाफ्यात होता, तो तिथेच राहिला.

"म्हंजे विहीर वाचत होती," ती म्हणाली.

तो म्हणाला की अजून वेळ गेलेली नाही, उद्या नागपूरला लिहितो, कमिटीत सांगतो, काय व्हायचं ते होवो. बोलताना त्याला ते खरं वाटत होतं. कोकिळेनं त्याच्याकडे नीट बघितलं. इतकं नीट त्याच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं, आईनंही नाही. "नाई सांगशीन तू," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाऊस येईल, येणार नाही, असं आभाळाकडे बघून सांगावं तसं तिनं ते सांगितलं. त्याच्या मनात कुठेतरी, अगदी तळाशी, सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटण्याची त्याला जन्मभर पुरेल एवढी लाज वाटली.

मोटेवरून पुंजाजीनं हाक मारली की दगड कुठपर्यंत येतो ते एकदा दाखवा, म्हणजे लसूण त्याच्या वर लावायचा की नाही ते ठरवता येईल. कोकिळा झटकन उठली. पदर डोक्यावर ओढून ती शालिग्रामच्या अगदी जवळ आली आणि हलक्या आवाजात बोलली. "त्याहीले सांगू नोको हे. कधीच नोको सांगू. समजलं तं मले पुन्हा तुह्या घरी धाडनार नाई, माह्यं माहेर तुटन. मळा गेला तं दुसरा करू." वाफ्यातून उपटलेली मेथीची जुडी तिनं त्याच्या हातात दिली, सत्यभामेसाठी. "येत्या आखाजीले येतो मी. वहिनीच्या संग पानीबी भरतो. तू फक्त पायरीवर बसू नोको."

वर टेकडीवर मजूर दगड धरून कधीचा उभा होता. कुठे ठेवू म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. शालिग्रामच्या एका हातात मेथी होती. दुसरा हात त्यानं वर केला आणि जागा दाखवली.